भाजलेला वाफा

फाल्गुन लागला की माझं डोकं फिरतं. 'आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास' असं लोक म्हणतात, ते आळशी माणसांचं असेल. मला फाल्गुनात दोन घास नीट बसून खायला मिळत नाहीत. कामशेतच्या अलीकडे, रस्त्याला लागून माझी नर्सरी आहे. होळीच्या आधीपासूनच फोन सुरू होतात. "ताई, पाडव्याला पाहुणे येणार आहेत, बागेत जरा कलर पाहिजे." पाहुणे येणार हे यांना सहा महिने आधी ठाऊक असतं. बागेला मात्र आठ दिवस आधी सांगायचं. परवा एका बाईंनी मला काश्मीरचा व्हिडिओ पाठवला. लांबच लांब ट्यूलिपचे पट्टे, लाल, पिवळे, जांभळे. खाली लिहिलं होतं, "असं काहीतरी." मी कळवलं, बाई, तुमचा बंगला मळवलीत आहे, मार्चमध्ये तिथल्या कातळावर अनवाणी पाय ठेवून बघा एकदा. त्यांनी हसरा चेहरा पाठवला आणि पुन्हा विचारलं, "पण होईल ना?"

होईल. तसं नाही होणार, पण होईल. मावळालाही वसंत असतो. तो इथे बंगले बांधणाऱ्यांना माहीत नसतो, कारण ही मंडळी येतात पावसाळ्यात. धबधब्याखाली भिजतात, कणीस खातात, चिक्कीचे पुडे बांधून घेतात आणि जातात. माघ-फाल्गुनात इथे कोण येतंय? तेव्हा डोंगर करडे असतात. गवत वाळून पडलेलं, कुठे कुठे वणव्याने काळं झालेलं, लोहगड-विसापूर धुरकटलेले, आणि दुपारी हायवेवरच्या ट्रकांचा आवाज नेहमीपेक्षा जवळून येतो. अशा वेळी पळस फुलतो, पांगारा फुलतो. त्यांचं कौतुक सगळे करतात. मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही.

माझी ओढ आहे धायटीकडे. धायटी हे झाड नव्हे, झुडूप. हात वर केला की शेंडा हाताला लागतो. बांधावर, उतारावर, जिथे धड गवत येत नाही तिथे ती येते. माघात तिची पानं विरळ होतात आणि प्रत्येक फांदीला टोकापर्यंत शेंदरी-लाल नळ्या फुटतात. शाळेतून येताना आम्ही ती फुलं खुडून देठाकडून चोखायचो. एका फुलात थेंबभर मध, तोही आधी मुंग्यांनी चाखलेला. घरी येईपर्यंत ओठ लाल आणि फ्रॉकवर डाग. ही धायटी बागेत कोणी लावत नाही. जी गोष्ट डोंगरात फुकट मिळते तिला बागेत जागा द्यायला माणसांच्या जिवावर येतं.

दुसरा भुईचाफा. त्याचा सगळा कारभारच उलटा. पावसाळ्यात हळदीसारखी रुंद पानं येतात, दिवाळीनंतर ती वाळून जातात, आणि जमीन अशी दिसते की इथे कधी काही नव्हतंच. मग ऐन उन्हाच्या तोंडाशी थेट मातीतून फूल वर येतं. पान नाही, दांडा नाही. पांढऱ्या पाकळ्या, आतली जांभळी, आणि वास घ्यायचा तर माणसाला गुडघे टेकावे लागतात. सकाळी उमललेलं फूल दुसऱ्या दिवशी मान टाकतं, तोवर शेजारी दुसरं आलेलं असतं. पंधरा-वीस दिवस हे चालतं.

झुडूप आणि कंद यांची जोडी लावायची म्हणजे काय, ते मी गिऱ्हाइकांना सांगून सांगून थकले. झुडूप मागे, कंद पुढे, मध्ये अबोलीसारखं काहीतरी गुडघाभर उंचीचं. झुडूप बारा महिने दिसतं, त्यामुळे त्याची काळजी आपोआप घेतली जाते. कंद दिसत नाही. त्याची जागा लक्षात ठेवावी लागते. चार काड्या रोवायच्या, सुतळी बांधायची, आणि घरात जेवढी माणसं त्या मातीला हात लावतात त्या सगळ्यांना सांगायचं की बाबांनो, इथे खाली जीव आहे. हे शेवटचं मी तीनदा सांगते. लोक मान हलवतात. त्यांना वाटतं, बाईला बोलायची सवय आहे.

मी स्वतः ते एका माणसाला सांगितलं नव्हतं.

मळवलीत आमचं भाताचं रान होतं. इंद्रायणी पिकायचा, शिजायला लागला की वास शेजारच्या घरात. ते रान आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणि त्यांच्या भावांनी मिळून विकलं. आबांची इच्छा नव्हती. पण तीन भावांनी हो म्हटल्यावर चौथ्याच्या 'न्हाई'ला कोण विचारतो? तिथे बंगला उभा राहिला. मालकीणबाई मुंबईच्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. मॅडमना माळी हवा होता, आबांना ते रान सोडवत नव्हतं. म्हणून आबा स्वतःच्याच जमिनीवर माळी झाले. मावळात ही काही नवलाची गोष्ट नाही. असं अर्धं मावळ सापडेल.

आबा कामाला चोख, पण त्यांच्या जिभेवर जुनं रान तसंच्या तसं होतं. स्विमिंग पूल जिथे खणला होता ते आमचं भाताचं थोरलं खाचर. आबा मॅडमना सांगायचे, "थोरल्या खाचरातलं पानी बदलाया झालंय." मॅडमना पहिली दोन वर्षं कळलंच नाही की हे कशाबद्दल बोलतात. लॉनला, जिथे आमची गाळाची जमीन होती, ते मळी म्हणायचे. बंगल्याच्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच्या ओट्यासमोर एक सपाट तुकडा होता, त्याच्या कडेच्या बांधावर धायटीची जुनी झुडपं उरली होती. त्या तुकड्याला आबांनी कधी दुसरं नाव दिलं नाही. ती आमची राबाची जागा.

राब म्हणजे काय, ते ज्याला भात फक्त ताटात माहीत आहे त्याच्यासाठी सांगते. भाताचं बी टाकायच्या आधी आमच्याकडे जमीन भाजतात. खाली शेण, त्यावर पालापाचोळा, त्यावर तोडलेल्या फांद्या, वर गवत, सगळ्यावर मातीचा पातळ थर, आणि मग वाऱ्याच्या उलट्या अंगाने पेटवायचं. भडकू द्यायचं नाही, धुमसू द्यायचं. तणाचं बी मरतं, किडा मरतो, राख मातीत मुरते. पाऊस पडल्यावर तिथे बी टाकलं की रोप असं तरारून येतं की बघत राहावं. फाल्गुन-चैत्रात गावात संध्याकाळभर तो धूर असायचा. कपड्यांना, केसांना, भाकरीला त्याचा वास. आबा म्हणायचे, "भाजल्याबिगर माती जागी व्हत न्हाई." मी पुण्याला बागकामाचा डिप्लोमा करायला गेले तेव्हा वर्गात शिकवलं की ही पद्धत चुकीची, जमिनीतला जीव जळतो. मी ते वहीत लिहून घेतलं आणि मनातल्या मनात आबांपेक्षा दोन इंच उंच झाले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, पण माझ्याकडे तेव्हा बैलही नव्हता, नुसता शहाणपणा होता.

डिप्लोमा झाला आणि मी तळेगावला गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये कामाला लागले. त्याच दिवाळीत मॅडमनी सांगितलं की त्या बाग पुण्याच्या एका ठेकेदाराला देणार आहेत. त्यांची माणसं येणार, त्यांचं मशीन येणार. "काका आता दमतात," त्या म्हणाल्या. काका म्हणजे आबा. रात्रीच्या जेवणात त्यांनी ताटातला भात टाकला, जो मी त्यांना आयुष्यात कधी टाकताना पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी मॅडमसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, मी शिकलेय. मला आणि आबांना करू द्या.

त्या वाईट बाई नव्हत्या, हे कबूल केलं पाहिजे. म्हणाल्या, "मागचा तो रिकामा तुकडा आहे ना, तेवढा करून दाखव. पाडव्याला माझे सासरचे सगळे येणार आहेत, सकाळचा चहा तिथेच ओट्यावर असतो. तिथे रंग दिसला तर बाग तुमच्याकडे."

म्हणजे एका वाफ्यावर आबांचं त्या जमिनीवरचं राहणं ठरणार होतं. पगाराचं सोडा, घरचं कसंही भागलं असतं. प्रश्न इतकाच होता की सकाळी उठून आबांनी त्या मातीत जायचं की नाही.

मी कागदावर आराखडा काढला. मागे धायटी आहे तशी. तिला हात लावायचा नाही, फक्त सुकलेल्या काड्या काढायच्या. मध्ये अबोलीची नागमोडी रांग. पुढच्या सगळ्या मोकळ्या जागेत भुईचाफा आणि कडेकडेने लाल लिलीचे कांदे. लाल, केशरी, पांढरा, जांभळा. रंगीत पेन्सिलीने रंगवलासुद्धा. आबांना दाखवला. त्यांनी कागद हातभर लांब धरून पाहिला, तेव्हा त्यांना मोतीबिंदू होता, आणि म्हणाले, "कागदावर लय फुलं आल्यात गं, सुमे." आणि हसले. चेष्टाच ती, घरातली. माझ्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. डिप्लोमावाल्या माणसाची चेष्टा. मी कागद गुंडाळून ठेवला आणि ठरवलं, आता फुलं आल्यावरच बोलायचं.

पौषात आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ते विश्रांतीला तिकोणा पेठेला आत्याकडे राहिले. त्या पंधरा दिवसांत मी वाफा लावला. भुईचाफ्याचे कंद कोकणातल्या ओळखीच्या एका बाईंनी गोणपाटात गुंडाळून एसटीने पाठवले होते. बोटाएवढे, चिकट मातीने माखलेले, नाकाशी धरले की आल्यासारखा वास. वीतभर अंतरावर, चार बोटं खोल. मी काड्या रोवल्या होत्या. मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "या काठ्या कशाला? स्मशानासारखं दिसतंय." मी काढून टाकल्या. मग मातीवरून हात फिरवून सपाट केलं. अबोली तेवढी वर दिसत होती, बाकी सगळी मोकळी माती.

आबा आले, काळा चष्मा लावून. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धूळ नको, धूर नको, ऊन नको. त्यांनी वाफा पाहिला. विचारलं, "हितं काय लावनार हायस?" मी म्हटलं, "पाडव्याला कळेल." एवढंच. 'लावणार' म्हणाले तेव्हा 'लावलंय' म्हणायला माझी जीभ वळली नाही. सांगितलं असतं तर त्यांनी रोज येऊन त्या मातीवर मायेने पाण्याचा हात फिरवला असता. पण मला त्यांना चकित करायचं होतं. खरं म्हणजे मला त्यांना हरवायचं होतं. मी या शब्दाला आता घाबरत नाही.

आज कोणाच्या बागेत मोकळा वाफा दिसला की मी आधी विचारते, इथे खाली काही आहे का? बहुतेक वेळा नसतं. लोक म्हणतात, काही नाही हो ताई, नुसती माती. मला 'नुसती माती' ऐकवत नाही. पण हे त्यांना काय सांगायचं? हो म्हणते आणि टेप लावून लांबीरुंदी मोजते.

होळी झाली. धायटी त्या वर्षी अशी फुलली होती की बांध पेटल्यासारखा दिसायचा, आणि तिच्यात मध प्यायला आलेले शिंजीर पक्षी नुसते लटकलेले. वाफ्यात अजून काही नव्हतं. मला चिंता नव्हती. भुईचाफा ऐनवेळी येतो हे मला माहीत होतं. आबांना माहीत नव्हतं. ते रोज ती मोकळी माती बघत होते, पाडवा जवळ येताना बघत होते, आणि त्यांची पोरगी तळेगावला गुलाबाच्या ऑर्डरी बांधत होती. त्यांनी मनाशी हिशोब घातला की पोरगी शेवटच्या आठवड्यात तळेगावहून फुललेली रोपं आणून इथे लावेल. शिकलेली माणसं तसंच करतात. मग तिची माती तरी नीट तयार असावी.

होळीनंतर चौथ्या दिवशी मी तळेगावहून आले. मळवली स्टेशनवर उतरले तेव्हाच तो वास आला. गावात कोणाचा तरी राब असेल, म्हणून मी मजेत चालत राहिले. लहानपणचा वास आहे तो, मला आवडतो. बंगल्याच्या वळणावर आले तेव्हा लक्षात आलं की धूर कुठून येतोय, आणि मी पळत सुटले.

आबा वाफ्याच्या कडेला उभे होते. कपाळाला काळं लागलेलं, काळा चष्मा खिशात, ऑपरेशनच्या डोळ्यातून पाण्याची धार. चेहऱ्यावर असं समाधान की आजही डोळे मिटले की दिसतं. वाफा कडेपासून कडेपर्यंत काळा, अजून धुमसत होता. अबोली मात्र नव्हती. एकेक रोप मुळाचा गोळा न फोडता उपटून त्यांनी पत्र्याच्या डब्यांत लावलं होतं, ओळीने सावलीत ठेवलं होतं, वर ओलं गोणपाट. धायटीला झळ लागू नये म्हणून मध्ये पत्रे उभे केले होते. डोळ्याला जे जे दिसलं ते ते त्यांनी वाचवलं होतं.

"बग सुमे," ते म्हणाले. "तुझा वाफा भाजून ठिवला. दोन दिस आवंढे गावाच्या बाजूनं पालापाचोळा वाहून आनला. आता तू काय बी लाव. न्हाई आलं तर मला इचार."

मी खाली बसले आणि दोन्ही हातांनी ती माती उकरायला लागले. हात पोळत होते. चार बोटं खाली गेले आणि पहिला कंद हाताला लागला. मऊ झाला होता, साल सुटत होती. हळद शिजवताना येतो तसा वास. दुसरा काढला, तिसरा काढला. काहींना वर पांढरे कोंब आले होते, अजून दोन दिवसांत ते मातीबाहेर आले असते.

आबा शेजारी उकिडवे बसले. त्यांनी एक कंद उचलला, चिमटीत दाबून पाहिला, आणि त्यांना कळलं. शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

"कवा लावलंस हे?"

"तुम्ही आत्याकडे होतात तेव्हा."

"मग मला सांगायचं व्हतंस की गं," आबा म्हणाले. आवाज चढला नाही. फक्त तेवढं म्हणाले आणि तो कंद परत मातीत ठेवून वर माती लोटली, जणू अजून काही उपयोग होता.

मी जे बोलले ते लिहायला हात होत नाही, पण लिहिते. म्हटलं, तुम्हाला काय गरज होती मध्ये मध्ये करायची? जमीन विकली ना? मग झालं तर. राब करायला आता हे तुमचं रान आहे का? आबा ऐकत राहिले. डोळ्याला पाणी येतच होतं, पण ते धुराचं होतं की कशाचं, ते मी त्या दिवशी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार, मॅडम आल्या. ओट्यावर आल्या आणि थबकल्या. मागची भिंत धुराने काळी झाली होती. "हे काय आहे? कोणी केलं?"

आबा पाच हातांवर लॉनला पाणी देत होते. मी तिथे होते. मला दोन वाक्यं सुचली होती, दोन्ही स्पष्ट आठवतात. पहिलं असं की मॅडम, आमची चूक झाली, पण तळेगावहून फुललेल्या कुंड्या आणून मी वाफा भरून देते. हे सहज होण्यासारखं होतं. पॉलिहाऊसच्या शेजारीच पेटुनियाच्या हजारो कुंड्या पडलेल्या होत्या. ते वाक्य ओठांवर आलं होतं.

मी दुसरं बोलले. "आबांनी केलं, मॅडम. मला न विचारता. त्यांना बागेतलं काही कळत नाही हो, भातशेतीची माणसं ती."

मॅडम आबांकडे वळल्या. "काका, खरं का?"

"व्हय," आबा म्हणाले. "म्याच केलं. पोरीचा काय बी दोष न्हाई त्यात."

मॅडमनी काळ्या भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझा प्लॅन मी पाहिलाय, चांगला आहे. ठेकेदार मला नकोच होता. बाग तू घे. पण काका आता नकोत, तू समजून घे." आणि मी मान हलवली. 'आम्ही दोघं' म्हणून त्यांच्यासमोर गेलेली मी, एकटीपुरती मान हलवली. आबांनी नळ बंद केला. पाइपची नीट वेटोळी करून खुंटीला अडकवली, चपला घातल्या आणि मागच्या बाजूने निघून गेले. पाणी वाहतं सोडून जाणारा माणूस नव्हता तो.

घरी आईने ऐकलं आणि तवा उतरवून ठेवला. म्हणाली, "तोंडानं खाल्लं शेन, आता पानी पिऊन काय उपेग?" मी म्हटलं, मी खोटं काय बोलले? आई म्हणाली, "खोटं न्हाई बोललीस. म्हनूनच म्हनते." त्या रात्री जेवलो आम्ही सगळे. आबासुद्धा जेवले. भाजी कशी झालीय तेही सांगितलं त्यांनी.

त्या पाडव्याला मी पेटुनियाच्या कुंड्या ट्रॉली भरून आणल्या आणि त्या काळ्या वाफ्यात कुंड्यांसकट पुरल्या. रंग झाला. मॅडमचे सासरचे चहा प्यायले, फोटो काढले. कोणाला काही फरक कळला नाही. मला एवढंच कळलं की आबांचा बळी न देताही हे झालं असतं. ते मला त्या शनिवारीही माहीत होतं, हे मात्र मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं नाही.

त्यानंतरचं वर्ष माझ्या भरभराटीचं. मॅडमच्या ओळखीतून आणखी दोन बंगले मिळाले. आबा पहाटे उठायचे, आंघोळ करायचे, टोपी घालायचे आणि ओसरीवर बसायचे. कुठे जायचं नसताना टोपी कशाला, असं आई विचारायची. पहिले काही दिवस मी संध्याकाळी घरी आले की आबा विचारायचे, "थोरल्या खाचरातली मोटार नीट चालतीया ना?" मी घाईत हो म्हणायचे. पावसाळ्यानंतर त्यांनी ते विचारणंही सोडलं. चार वर्षांपूर्वी आबा गेले. आजारी नव्हते फार. ते गेले तोही फाल्गुनच.

पण तो एक फाल्गुन सांगायचा राहिला, वाफा जळाल्याच्या पुढच्या वर्षीचा. जूनमध्ये मी त्याच मातीत पुन्हा कंद लावले होते. आणि कबूल करते, राख खाल्लेल्या त्या मातीत भुईचाफा जसा आला तसा मी नंतर कुठेच आणू शकले नाही. पाडव्याच्या आधीच्या रविवारी सकाळी मी ओट्यावर गेले तर वाफा पांढरा-जांभळा झाला होता. मागे धायटी लालभडक, मध्ये आबांनीच जगवलेली अबोली. मॅडमकडे मुंबईहून पाहुणे आले होते. कोणी बागेच्या मासिकातलं होतं, कोणी आर्किटेक्ट. सगळे वाफ्याशी वाकून वास घेत होते, आणि मॅडम मला पुढे करून सांगत होत्या, "ही आमची लँडस्केप डिझायनर." माझ्या हातात चहाचा कप होता, ज्या ओट्यावर मी तोवर कधी बसले नव्हते तिथे बसून.

तेवढ्यात फोन वाजला. फाटकावरचा वॉचमन, दत्तू. "ताई, आबा आल्यात. म्हनत्यात, फुलं आली असं ऐकलं, जरा बगून जातो."

मी अंगणाकडे पाहिलं. आर्किटेक्ट बाई मला काहीतरी विचारत होत्या. आबांची धुतलेली टोपी, त्यांच्या वहाणा, त्यांचं 'थोरलं खाचर', ते सगळं इथे येऊन उभं राहिलं तर, असं मनात आलं. आणखीही एक मनात आलं: ते वाफ्यापाशी बसतील, माती चिमटीत घेतील, आणि कोणीतरी विचारेल, हे कोण?

"आत्ता नको," मी म्हटलं. "पाहुणे आहेत. त्यांना सांग, उद्या या."

"बरं ताई," दत्तू म्हणाला.

संध्याकाळी निघताना दत्तू फाटक उघडायला आला. इकडे तिकडे बघत म्हणाला, "ताई, एक सांगू का? मला कमी ऐकू येतं, म्हनून फोन स्पीकरवरच असतो माझा." मी विचारलं, आबा काही म्हणाले का? "न्हाई. मला म्हनले, बरोबर हाय तिचं, कामाच्या टायमाला कशाला. पानी मागून प्याले आन् गेले."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा खिडकीत आरसा टेकवून दाढी करत होते. मी आंघोळ करून, आवरून त्यांच्यासमोर उभी राहिले. "आबा, चला. पाहुणे गेले. फुलं बघून येऊ."

त्यांनी वस्तरा पाण्यात बुडवला, फडक्याला पुसला. "बगितली की म्या."

"कधी?"

"काल. फाटकातनं दिसत्यात न्हवं का. लय चांगली आल्यात."

वाफा बंगल्याच्या मागे आहे. फाटकातून गाड्या दिसतात, पोर्च दिसतो आणि भिंत दिसते. हे मला माहीत होतं, बाग मीच आखली होती. आबांनाही माहीत होतं, त्या रानात त्यांचं अख्खं आयुष्य गेलं होतं.

"बरं," मी म्हटलं, आणि बागेला पाणी द्यायला निघाले.